शहराची हद्द आणि धुराचा हिशेब

काही काळापूर्वी महाळुंग्याला शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात बोलण्याचा योग आला. हे महाळुंगे म्हणजे खेड तालुक्यातले, चाकण-तळेगाव रस्त्यावरचे महाळुंगे इंगळे, बालेवाडीजवळचे नव्हे. महाळुंग हे लिंबाच्या कुळातले झाड. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात त्याचे फळ असते. गावाच्या नावात अजून हे झाड आहे. गावाच्या भोवती मात्र कारखान्यांची पत्र्याची छपरे आणि कंटेनरच्या रांगा आहेत.

विषय होता 'शहरे आणि हवामानबदल'. बोलता बोलता मी सांगितले, की जून २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या शहरी व्यवहार मंत्रालयाने देशातल्या १२६ शहरांना हवामानविषयक कामाबद्दल तारे दिले. पाच तारे एकाही शहराला मिळाले नाहीत. चार तारे नऊ शहरांना मिळाले आणि त्या नवांत पुणे आहे, पिंपरी-चिंचवडही आहे. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "सर, त्या चार ताऱ्यांत आम्ही येतो का?"

उत्तर अगदी सोपे होते. तारे महापालिकेच्या हद्दीला होते आणि महाळुंगे त्या हद्दीबाहेर होते. मी तसे सांगितलेही. पण बाईंचे समाधान झालेले दिसले नाही, आणि खरे तर माझेही झाले नव्हते. महाळुंग्यातल्या कारखान्यात काम करणारा माणूस चिखलीत किंवा निगडीत राहतो. सकाळी तो हद्द ओलांडतो, संध्याकाळी परत ओलांडतो. त्याच्या मोटारसायकलचा धूर कुणाच्या खात्यावर लिहायचा? शहराला गुण देताना शहर कुठे संपते असे धरायचे, हा प्रश्न ताऱ्यांच्या आधी येतो. तो आजचा नाही. इंद्रायणीच्याच पाण्यात त्याचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईचा धूर, मावळचे पाणी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. गिरणगावावर धुराचे छत असे. १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाबद्दल स्वतंत्र कायदा झाला. त्या काळी धूर मोजण्याची जगभर वापरली जाणारी एक साधी युक्ती होती. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८च्या सुमारास एक तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. जाळी जितकी दाट तितका कागद लांबून अधिक काळा दिसतो. तक्ता समोर धरायचा, चिमणीकडे पाहायचे आणि धूर कोणत्या चौकटीशी जुळतो ते सांगायचे. शून्य म्हणजे धूर नाही, पाच म्हणजे काळाकुट्ट. हवेला शून्य ते पाच असे गुण देण्याची ही सुरुवात. आज आपण तारे देतो तेही पाचापैकीच.

याच काळात टाटांची जलविद्युत योजना उभी राहिली. लोणावळ्याच्या परिसरात घाटमाथ्यावर पाणी अडवायचे, नळांतून ते खाली कोकणात सोडायचे आणि त्या उताराच्या जोरावर वीज करून ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पुढे भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजघरे आली. गिरण्या जसजशा विजेवर चालू लागल्या तसा कोळसा कमी झाला. आजच्या भाषेत ही 'अल्प-कार्बन' योजनाच होती. कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पृथ्वी तापेल हे गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ सालीच मांडले होते, पण मुंबईत तो हिशेब कुणाच्या मनात नव्हता. हवा होता तो धुराविना चालणारा माग.

आता नकाशा पाहा. लोणावळ्याचे वळवण धरण इंद्रायणीवर आहे. म्हणजे पूर्वेकडे देहू-आळंदीला जाऊन भीमेला मिळणारे पाणी तिथे अडवून पश्चिमेकडे वळवले गेले. भिऱ्याला जाणारे पाणी मुळशी धरणाचे, आणि मुळशी धरण मुळा नदीवर. आजच्या पिंपरी-चिंचवड शहराच्या उत्तरेची हद्द इंद्रायणी, दक्षिणेची मुळा. या दोन्ही नद्यांच्या उगमाकडचे पाणी शंभर वर्षांपूर्वीच मुंबईची हवा स्वच्छ ठेवण्याच्या कामी लागले.

त्याची किंमत कुणी दिली? मुळशी खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे बुडणार होती. १९२१ साली पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. 'सेनापती' ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली. सत्याग्रह हरला, धरण झाले. कुणी त्या वेळी मुंबईला स्वच्छ हवेचे गुण दिले असते तर मुंबई उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली असती. मुळशीची बुडालेली भातखाचरे उत्तरपत्रिकेच्या बाहेर राहिली असती.

शहराचे पोट

मुळशीचा लढा चालू असताना मुंबई विद्यापीठात एक स्कॉटिश प्राध्यापक शिकवत होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडेस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार. १९१९ साली विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्याबरोबर. गेडेस यांचा आग्रह असे, की आराखड्याआधी पाहणी करा आणि पाहणी फक्त शहराची करू नका, नदीच्या सबंध खोऱ्याची करा. डोंगरमाथ्यावरचा लाकूडतोड्या आणि मेंढपाळ, उतारावरचा छोटा शेतकरी, सपाटीवरचा मोठा शेतकरी, समुद्रकाठचा कोळी, आणि या साऱ्यांवर जगणारे शहर, असे एक उभे चित्र ते काढून दाखवत. त्यांच्या लेखी शहर हा खोऱ्याचा एक अवयव होता.

या विचाराला आकडे मिळायला बराच काळ गेला. १९६५ साली एबल वोलमन या अमेरिकन अभियंत्याने 'शहरांचा चयापचय' या विषयावर एक लेख लिहिला. प्राणी जसा खातो, पितो, श्वास घेतो आणि टाकाऊ पदार्थ बाहेर टाकतो तसेच शहरही करते, हे त्याने दहा लाख वस्तीचे एक काल्पनिक अमेरिकन शहर घेऊन मांडले. अशा शहरात रोज सव्वासहा लाख टन पाणी, २,००० टन अन्न आणि ९,५०० टन इंधन आत येते. बाहेर पडते ते ५ लाख टन सांडपाणी, २,००० टन कचरा आणि ९५० टन हवेतले प्रदूषक. आत येणाऱ्यात सर्वांत मोठा वाटा पाण्याचा आणि बाहेर पडणाऱ्यात सांडपाण्याचा. हा तक्ता वर्गात फळ्यावर जरूर काढावा. मुलांना तो लगेच समजतो, कारण प्रत्येक घराचाही असाच तक्ता असतो.

पट्टा वाढतो

वोलमनचा लेख आला तेव्हा पुण्याच्या उत्तरेला एक नवे शहर आकार घेत होते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण 'एमआयडीसी' म्हणतो ते, स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका. १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली ही गावे आत घेतली गेली आणि शहराची हद्द इंद्रायणीच्या काठाला टेकली.

त्यानंतर कारखान्यांनी नदी ओलांडली. चाकण परिसर तोवर कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने लढवलेल्या भुईकोट किल्ल्यासाठी ओळखला जाई. एमआयडीसीचे टप्पे पडत गेले, आणि २००९-१० च्या सुमारास मोटारींचे मोठमोठे कारखाने सुरू झाले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी ही गावे काही वर्षांत ओळखू येईनाशी झाली. कारखान्यांनी नदी ओलांडली, महापालिकेच्या हद्दीने ओलांडली नाही. बाईंच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

गुणपत्रिकांचा काळ

रिओ द जानिरोची वसुंधरा परिषद १९९२ सालची. त्याच वर्षी संसदेने ७४वी घटनादुरुस्ती केली आणि पर्यावरण हा विषय नगरपालिकांच्या कामात आला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक आयुक्ताने दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा असे बंधन घातले. आपल्या शहरांची पहिली नियमित प्रगतिपुस्तके ती हीच.

पुढे या अहवालांना पाच खणांची चौकट मिळाली: चालक, दाब, स्थिती, परिणाम, प्रतिसाद. उदाहरण घेऊ. लोकसंख्या आणि कारखाने वाढणे हा चालक. नदीत सोडलेले सांडपाणी हा दाब. पाण्यातला प्राणवायू घटणे ही स्थिती. मासे मरणे, माणसे आजारी पडणे हा परिणाम. शुद्धीकरण केंद्र बांधणे हा प्रतिसाद. ही पाच नावे लक्षात ठेवली तर कोणतीही गुणपत्रिका वाचता येते. गुण कोणत्या खणाला दिले आहेत, एवढेच शोधायचे.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचा एक निर्देशांक दिला. इथे गुण उलटे. जितके जास्त तितके वाईट. हवा, पाणी आणि जमीन तपासून ७०च्या वर गेलेले ४३ पट्टे 'अतिगंभीर' ठरले. महाराष्ट्रातली चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही नावे त्यांत होती. पिंपरी-चिंचवड त्याखालच्या, ६० ते ७० च्या 'गंभीर' गटात होते. ही मोजणी मुख्यतः दाब, स्थिती आणि परिणाम यांची. महापालिकेने काय केले यापेक्षा नदीत आणि हवेत काय सापडले याला तिथे महत्त्व होते.

बारा वर्षांनी त्याच नावाच्या शहराला चार तारे मिळाले. मग मधल्या काळात शहर इतके सुधारले का? काही सुधारणा खरोखरच झाल्या असतील. पण दोन परीक्षांचे विषयच वेगळे होते. २०२१ च्या मूल्यमापनात २८ निर्देशक होते आणि ते पाच गटांत विभागले होते: ऊर्जा व हरित इमारती, नगररचना, हिरवाई व जैवविविधता, वाहतूक व हवा, पाणी, आणि कचरा. शहरांनी आपली माहिती पुराव्यासह भरायची आणि तज्ज्ञांनी ती तपासायची, अशी पद्धत होती. काही निर्देशक स्थितीचे आहेत, हवेची गुणवत्ता हा त्यांपैकी एक. पण बरेच प्रश्न प्रतिसादाचे: आराखडा केला का, समिती नेमली का, दिवे बदलले का, बस वाढवल्या का.

शिक्षकांना हा फरक समजावून सांगायला नको. वही नीटनेटकी ठेवण्याचे गुण आणि गणित बरोबर सोडवण्याचे गुण वेगळे असतात. वहीचे गुण निरुपयोगी नसतात. वही ठेवण्याची सवय लागल्याशिवाय गणितही येत नाही. पण वहीच्या गुणांवरून मुलाला गणित येते असे आपण पालकांना सांगत नाही.

कार्बनला हद्द कशी घालायची?

मग शहरातून प्रत्यक्ष किती कार्बन बाहेर पडतो तेच मोजले तर? त्यासाठी २०१४ साली एक आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. तिने हद्दीचा प्रश्न तीन कप्पे करून सोडवला. पहिल्या कप्प्यात शहराच्या हद्दीत जाळलेले इंधन आणि तिथेच कुजलेला कचरा. दुसऱ्यात शहराने वापरलेली, पण बाहेर कोळसा जाळून तयार झालेली वीज. तिसऱ्यात शहरासाठी बाहेर होणारे बाकीचे उत्सर्जन. बाहेर नेऊन टाकलेला कचरा, हद्द ओलांडणारा प्रवास हे तिसऱ्यात येते. शहर जे अन्न खाते, जे पोलाद आणि सिमेंट वापरते त्याचाही हिशेब याच कप्प्यात करता येतो, पण तो सक्तीचा नाही.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला त्यात असा हिशेब आहे. २०१९ साली मुंबईचे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन भरले. हा आकडा कार्बन डाय-ऑक्साइडच्या सममूल्यात आहे. म्हणजे मिथेनसारखे वायू त्यांच्या उष्णता अडवण्याच्या ताकदीप्रमाणे गुणून मिळवलेले. त्यातला ७२ टक्के वाटा इमारती आणि उद्योगांतल्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा. २० टक्के वाहतुकीचा, ८ टक्के कचऱ्याचा. दुसरा कप्पा नसता तर मुंबई कितीतरी स्वच्छ दिसली असती.

आता महाळुंग्याच्या पट्ट्यात तयार होणाऱ्या एका मोटारीचा विचार करू. मोटारीत सरासरी ९०० किलो पोलाद असते. एक टन पोलाद करताना जगात सरासरी सुमारे २ टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे मोटार जुळायच्या आधीच पोलादापोटी सुमारे १.८ टन वायू कुठल्या तरी पोलाद कारखान्याच्या गावी हवेत गेला आहे. कारखान्यात वापरलेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे देशाच्या सरासरीने सुमारे ०.७ किलो वायू कुठल्या तरी औष्णिक केंद्रात निघतो. मोटार विकली गेली की ती वर्षाला समजा १०,००० किलोमीटर धावते, लिटरला १८ किलोमीटर. ५५५ लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे वर्षाला जवळजवळ सव्वा टन. दीड वर्षात पोलादाची बरोबरी होते, पंधरा वर्षांत १९ टनांची मजल जाते. ते लिहिले जाते ज्या शहरात ती मोटार धावते त्या शहराच्या खात्यावर.

मोटार महाळुंग्याच्या परिसरात जन्मली, तरी तिच्या एकूण उत्सर्जनातला अगदी थोडा भाग तिथे पडतो. तिथे पडते ते दुसरेच काही: अवजड वाहनांची धूळ, सांडपाणी, गेलेली शेती. आणि रोजगारही तिथेच पडतो, हे विसरून चालणार नाही.

एका गावाचे अनेक नकाशे

महाळुंगे महसुलाच्या नकाशात खेड तालुक्यात आहे. कारखान्यांच्या भूखंडांपुरते ते एमआयडीसीचे आहे. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले, त्याच्या नकाशात ते आहे. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले आणि चाकण-महाळुंगे परिसर त्याच्या कक्षेत गेला. म्हणजे गुन्ह्याच्या हिशेबात गाव शहराच्या आत आणि धुराच्या हिशेबात बाहेर! राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेल्या 'माझी वसुंधरा' अभियानात पृथ्वी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांनुसार गुण मिळतात आणि ते ग्रामपंचायतींनाही मिळतात. हे चांगलेच आहे. पण तिथेही नदीच्या एका काठाची उत्तरपत्रिका वेगळी, दुसऱ्या काठाची वेगळी.

नदीला मात्र एकच पात्र आहे. उजव्या काठाला शहर, डाव्या काठाला चाकणचा पट्टा. दोन्हीकडचे जे काही येते ते इंद्रायणी घेते आणि पुढे आळंदीला पोहोचवते. अलीकडच्या काही वर्षांत आळंदीच्या घाटावर पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. तो फेस कोणत्या हद्दीतला, हे पाण्याकडे पाहून सांगता येत नाही.

पाण्याचा प्रश्न वरच्या बाजूलाही आहे. पवना धरणापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद नळाने पाणी न्यायची योजना होती. नदीतून येताना होणारी गळती आणि प्रदूषण टाळणारी, कागदावर गुण मिळवून देणारी योजना. मावळच्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता, कारण वाहत्या नदीवर त्यांचे पंप होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. मुळशीनंतर नव्वद वर्षांनी, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, शहराच्या सोयीचा खर्च पुन्हा हद्दीबाहेर पडला.

म्हणून तारे देऊ नयेत असे मी म्हणणार नाही. मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही आणि शहरांनी एकमेकांशी चढाओढ करून दिवे बदलले, बस वाढवल्या, झाडे राखली तर त्यात सर्वांचे भले आहे. माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक गुणपत्रिकेला दोन प्रश्न विचारावेत. गुण कामाचे आहेत की परिणामाचे? आणि रेघ कुठे ओढली आहे? गेडेस यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेली खोऱ्याची रेघ अजून आपल्या एकाही गुणपत्रिकेवर ठळकपणे आलेली नाही. मुळा, पवना, इंद्रायणी, भामा यांचे मिळून एक प्रगतिपुस्तक निघाले तर त्यात लोणावळा, पिंपरी, महाळुंगे आणि आळंदी एकाच पानावर दिसतील.

हे काम शाळेत सुरू करता येते. वोलमनचा तक्ता घ्या आणि मुलांना आपल्या गावासाठी भरू द्या. डाव्या बाजूला आत येणारे: पाणी कोणत्या धरणाचे, वीज कुठली, धान्य कोणत्या बाजारातले, गॅस किती. उजव्या बाजूला बाहेर जाणारे: सांडपाणी कोणत्या ओढ्याला, कचरा कुठे, तयार माल कुठे. आकडे नसतील तिथे नुसते गावाचे नाव लिहिले तरी चालेल. मग नकाशावर त्या सगळ्या गावांवर टिंबे काढून ती जोडायला सांगा. जी आकृती तयार होईल ती महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीशी जुळणार नाही.

त्या बाईंना मी नंतर हेच सुचवले. त्यांनी वहीत टिपून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्ही ताऱ्यांत नाही, पण हिशेबात आहोत." मी होय म्हणालो.